मामंजींचं खाकरणं

“पेटी बिघडली कधी?” एसटीनं शिरोळ सोडलं तेव्हा मामंजींनी विचारलं.

पेटी आम्हा दोघांच्या पायांशी होती, जुन्या सतरंजीत गुंडाळून दोरीनं बांधलेली. मी तिच्यावर हात ठेवला.

“झाले की आठ-दहा दिवस. काळी चार अडकते.”

“असं? काल संध्याकाळी तर काळी चारवरच तुझ्याकडून आख्यान म्हणून घेतलं.”

मी खिडकीबाहेरचा ऊस बघायला लागले.

“ख्खं,” मामंजी खाकरले. “ख्खं... ख्खं.” मग उपरण्यानं तोंड पुसून म्हणाले, “मिरजेत वाद्यांचे कारागीर फार चांगले हो. डॉक्टरही चांगले आहेत म्हणतात.”

“म्हणतात खरं,” मी म्हटलं. पुढं बोलायची माझी छाती झाली नाही.

मामंजी म्हणजे माझे सासरे, कुरुंदवाडचे दामोदरबुवा मोघे. कृष्णेच्या अलीकडं-पलीकडं ज्या गावात देऊळ असेल तिथं त्यांचं कीर्तन झालेलं असायचं. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी मुलाची नोकरी, घर, काय काय विचारलं. मी आईच्या आडून एवढंच विचारलं होतं, “घरात रोज कीर्तन ऐकायला मिळतं ना?” मामंजी त्यावर इतके खूश झाले की मुलाला न विचारताच त्यांनी होकार देऊन टाकला. “ह्यांना” अजून ती गोष्ट सांगायला आवडत नाही.

पुढं मामंजींचे पेटीवाले लेकाकडं पुण्याला राहायला गेले आणि त्यांच्या जागी मी बसले. उभ्या पंचक्रोशीत सासऱ्यामागं पेटी धरणारी सून मी एकटीच. त्यांचा आवाज मी मागून ऐकला आहे, जिथून फक्त साथीदार ऐकतात. त्यांनी दम घेतला की पाठ कशी फुलायची, आणि षड्ज लागला की पेटीच्या पट्ट्यांना हात लावायच्या आधीच लाकूड कसं थरथरायचं, ते मला माहीत आहे.

तो आवाज गेल्या गणपतीपासून बिघडला होता. सकाळी घोगरा. घशात काहीतरी गोळा अडकल्यासारखं, गिळलं तरी जात नाही आणि खाकरलं तरी येत नाही. पहाटे भूपाळी म्हणायला बसले की आधी पाच मिनिटं नुसतं “ख्खं, ख्खं”. जेवल्यावर तेच, झोपल्यावर कोरडा ढासका. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गुळण्या सांगितल्या. बुवांचा घसा बसलाय म्हटल्यावर गावोगावचे भाविक औषधं घेऊन यायला लागले. कुणी ज्येष्ठमध आणला, कुणी लवंगा, कुणी मिरी. आमच्या सासूबाई, म्हणजे आई, त्या सगळ्याचा काढा करायच्या, आणि निजायच्या आधी आलं-लिंबाचा रस भरल्या वाटीनं द्यायच्या. मामंजी तोंड वाकडं करून प्यायचे आणि म्हणायचे, “समुद्रमंथनात हे निघालं असतं तर शंकरानंही नको म्हटलं असतं.”

माघातल्या गणेशजयंतीला एका गावी उत्तररंगाच्या, म्हणजे कथेच्या, सुरुवातीलाच आवाज गेला. चिरकला नाही, फाटला नाही, नुसताच गेला. तोंड उघडं, हातातल्या झांजा वर, आणि सूर नाही. पण बुवा कसलेले. हसून हात जोडले आणि उरलेल्या आवाजात म्हणाले, “देव म्हणतोय, दाम्या, तूच किती बोलशील? आता मंडळींना म्हणू दे.” मंडळींनी गजर उचलून धरला. कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, कारण माझ्यासमोर त्यांची पाठ होती आणि मागं नेलेली डावी मूठ. ती गजर संपेपर्यंत उघडली नाही.

“मोठ्या डॉक्टरला दाखवू या,” असं मी म्हटलं की त्यांना संध्या आठवायची, नाहीतर देवाची फुलं. ह्यांनी बँकेतून रजा काढली, तर त्याच दिवशी नरसोबाच्या वाडीला जायचं निघालं. मला राग यायचा. एकदा दुपारी गहू निवडताना मी आईंना तसं बोलून दाखवलं.

त्यांचा हात सुपातच थांबला. “त्यांच्या गुरुजींचा आवाज असाच गेला होता, कुमुद. खाकरता खाकरता. मग गाठ निघाली. शेवटी पाणीसुद्धा गिळवेना. ह्यांनी उशापायथ्याशी बसून सगळं केलं. तेव्हापासून घशाच्या डॉक्टरचं नाव काढलं की हे उठून जातात. तिथं जाऊन काय ऐकायचं ते ठरवूनच ठेवलंय त्यांनी.”

मग पेटी बिघडायला लागली.

*

मिरजेतले घशाचे डॉक्टर शिरगुप्पे चाळिशीचे असतील. मामंजी आत शिरताच ते खुर्चीवरून उठले आणि वाकून पाया पडले.

“बुवा, आजीच्या मांडीवर बसून तुमची कीर्तनं ऐकलीत मी. हनुमान समुद्र ओलांडतो ते सांगताना तुम्ही उडी मारली होती आणि थेट तबलजीच्या अंगावर पडला होतात.”

“तो तबलजी अजून मला शिव्या देतो,” मामंजी म्हणाले. हसले, आणि हसता हसता ढास लागली.

डॉक्टरांनी ती ढास पूर्ण ऐकून घेतली. मग नाकात बधिर करायचं औषध मारलं आणि टोकाला दिवा असलेली एक बारीक नळी नाकातून हळूच घशाकडं सरकवली. मामंजींनी डोळे मिटले. ओठ हलत होते, नामस्मरण चाललं होतं.

“बुवा, आता ‘ई’ म्हणा.”

मामंजींनी षड्ज लावायचा प्रयत्न केला.

“सूर नको. नुसतं ‘ई’.”

नळी निघाल्यावर डोळे पुशीत ते म्हणाले, “सूर न लावता ‘ई’ कसं म्हणतात, ते आम्हाला गुरुजींनी शिकवलंच नाही.”

डॉक्टर हसले नाहीत, हात धूत होते. मामंजी समोरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. त्यावर कसल्यातरी औषधाची जाहिरात होती, पण ते अगदी देवाच्या तसबिरीकडं बघावं तसे बघत होते.

“गाठ नाही,” डॉक्टर वळून म्हणाले. “आधी हे सांगतो. गाठ नाही, व्रण नाही. दोन्ही स्वरतंतू नीट हलतात.”

मामंजींनी कॅलेंडरवरची नजर काढली. म्हणाले, “नक्की?”

“नक्की. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

त्यांनी उपरण्याचं टोक हातात घेतलं, त्याची घडी घातली, मोडली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “मग हिला रामजन्माचं आख्यान मी उगाचच शिकवलं म्हणायचं.”

मला हसू आलं. आणि ते ओठांवरच राहिलं.

दिवाळीपासून रोज दिवेलागणीला ते मला समोर बसवायचे. पूर्वरंग कसा मांडायचा, कथेत कुठं थांबायचं, कौसल्येच्या महालात शिरताना आवाज कसा खाली आणायचा, पद कुठं उचलायचं. मी मनात म्हणायचे, मामंजी माझ्या पेटीवर खूश आहेत म्हणून हा लाड. “हे तुझ्याजवळ असू दे,” ते रोज उठताना म्हणायचे, आणि मी फुशारून जायचे. ते काय करत होते ते मला त्या दवाखान्यात कळलं. घर आवरत होते ते. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच हातात एकेक वस्तू देत.

मी पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरांनी न बघितल्यासारखं केलं.

“पण घशाचा मागचा भाग सुजलाय,” ते म्हणाले. “लालबुंद आहे. बुवा, तुम्ही जेवता कधी?”

“जेवणाचा आणि गाण्याचा काय संबंध?”

“सांगा तर.”

“कीर्तनाच्या दिवशी सकाळी थोडं वरणभात. मग काही नाही. रिकाम्या पोटी देवापुढं उभं राहायचं हा आमच्या गुरुजींचा दंडक.”

“आणि कीर्तनानंतर?”

“यजमानांकडं पान मांडलेलं असतं. दहा, कधी अकरा वाजतात.”

“पानात काय असतं?”

मामंजींचा चेहरा पहिल्यांदा खुलला. “माणसं फार प्रेमाची हो. पुरणपोळी, कटाची आमटी, कांदाभजी. एवढा वेळ उपाशी, त्यात आग्रह. नाही म्हणवत नाही.”

“आणि मग?”

“मग काय? आडवं व्हायचं. पहाटेची एसटी असते.”

“छातीत जळजळ?”

“नाही.”

“आंबट ढेकर? पित्त?”

“अहो, छे! ह्या पोटानं दगड पचवलेत. मला साधा ढेकरसुद्धा येत नाही.”

“तिथंच तर फसायला होतं,” डॉक्टर म्हणाले. “पोटातलं आम्ल वर चढतं, ते पुष्कळांना छातीत जळल्यामुळं कळतं. काहींना छातीत काहीच जाणवत नाही. ते आवाज न करता थेट घशापर्यंत येतं, विशेषतः भरल्या पोटी आडवं झाल्यावर. घशाचं अस्तर नाजूक, त्याला थोडंसं लागलं तरी सुजतं. सुजलं की गोळा अडकल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस खाकरतो, आणि खाकरलं की अजून सुजतं.”

मामंजी पुढं सरकून ऐकत होते. कीर्तनाला दृष्टांत सापडला की त्यांचे डोळे असेच व्हायचे. “म्हणजे चोर पोटातला, आणि आम्ही पहारा घशावर ठेवला!”

“अगदी बरोबर. घशाला घरी काय काय घेता?”

ते मी सांगितलं. काढा, मिरी, लवंग, आलं-लिंबू.

“लिंबू? झोपताना?”

“सासूबाई प्रेमानं देतात,” मी म्हटलं.

“प्रेम चालू ठेवा. लिंबू बंद करा.” मग मामंजींना म्हणाले, “कमरेचा शेला आवळून बांधता ना? लहानपणी बघितलंय.”

“त्याशिवाय दम साठत नाही.”

“जरा सैल बांधा. पोट दाबलं की ते वर ढकलतं. दिवे लागायच्या आत जेवायचं, हलकं. त्यानंतर तीन तास आडवं व्हायचं नाही. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. चहा कमी, तळलेलं-तिखट-आंबट बंद. औषध लिहून देतो. पण एक सांगतो बुवा, आज मी शंभर टक्के शिक्का मारत नाही. घसा बघून मला हे वाटतंय. दोन-तीन महिने पथ्य करा, परत नळी घालून बघू. सूज उतरली असेल तर माझं म्हणणं खरं. नसेल उतरली, तर पुढच्या तपासण्या आहेत. सोडून द्यायचं नाही.”

“सोडत नाही.”

“आणि तोवर घशाला विश्रांती. कामापुरतं बोला. कीर्तन नाही.”

“डॉक्टर, पुढच्या महिन्यात रामनवमी आहे. आमच्या आळीतल्या राममंदिरात आजोबांपासून जन्माचं कीर्तन आमच्या घराकडं—”

“माहीत आहे मला,” डॉक्टर म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं. “आख्यान उगाच नाही शिकवलंत, बुवा.”

*

एसटी स्टँडवर मामंजींनी पेटीवर हात ठेवून विचारलं, “झाली दुरुस्त?”

“झाली.”

“सतरंजी न सोडता?”

मी खाली बघितलं. “तुम्हाला केव्हा कळलं?”

“तू घरी दोरीच्या गाठी मारत होतीस तेव्हाच. बिघडलेली पेटी इतकी जपून कोण बांधतं?”

“मग आलात कशाला?”

त्यांनी पेटीची दोरी चाचपली. “कुणी फसवून नेल्याशिवाय माझा पाय उचलला नसता, कुमुद. बरं केलंस.” मग खाकरायला गेले, आणि डॉक्टरांची आठवण होऊन त्याऐवजी पाण्याचा घोट घेतला.

आई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मामंजींच्या तोंडाकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं.

“गाठ नाही, आई.”

त्या तशाच आत गेल्या. देवापुढं समई लावल्याचा वास आला. बाहेर आल्या त्या डोळे पुसूनच, आणि कमरेला पदर खोचून. “मग आहे काय?”

मी सगळं सांगितलं. लिंबाचं सांगताना जीभ अडखळली. आईंनी खोचलेला पदर सोडला. “म्हणजे इतके दिवस मीच—”

“अगं, तुझ्या लिंबानं नुसती फोडणी घातली,” मामंजी म्हणाले. “आमटी माझी मीच शिजवत होतो, गावोगाव.”

खाटेखाली विटा गेल्या. पहिल्या रात्री ते घसरत घसरत पायथ्याशी आले, आणि सकाळी म्हणाले, “वैकुंठाला चढण असते असं ऐकलं होतं, ही तर उतरण निघाली.” पण खरी अडचण विटांची नव्हती. गुरुजींच्या दंडकाची होती. दिवे लागायच्या आत जेवायचं, म्हणजे पुढं कीर्तनं सुरू झाली की जेवूनच देवापुढं उभं राहावं लागणार. गुरुजींच्या तसबिरीपुढं ते बराच वेळ बसले. मग आम्हाला बोलावून म्हणाले, “मी विचार केला. रिकाम्या पोटाचा दंडक कशासाठी? कथेत सुस्ती येऊ नये म्हणून. मुगाच्या खिचडीनं कुणाला सुस्ती येते?”

“तुम्ही ज्या भांड्यानं खाता, त्यानं येईल,” आई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांना लहान वाटी आली.

*

रामनवमीला मला नऊवारी नेसवून शेला आईंनीच बांधला. बोटं घालून बघितली आणि एक वेढा सैल केला. देवळात मंडळातले एकजण आईंच्या कानावर पडेल असं म्हणाले, “बुवांच्या जागी सून? आता हेच बघायचं राहिलं होतं.”

“बघायचं नसेल तर डोळे मिटून बसा,” आई म्हणाल्या. “दरवर्षी तसेच बसता.”

पेटीवर मामंजी होते. मी पुढं, ते मागं. पहिल्यांदाच त्यांना माझी पाठ दिसत होती. ती थरथरताना त्यांना दिसतेय, हे मला सारखं जाणवत होतं.

पूर्वरंग पार पडला. बुक्का लागला, हार पडला. आख्यान रंगत गेलं तशी माणसं पुढं सरकली. बायकांच्या मुठीत गुलाल होता, फुलं होती. पाळण्यावर शेला पांघरलेला. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याला आलं. मी कौसल्येच्या महालात शिरले, आवाज खाली आणला, जसा शिकवला होता तसा. आता पद. आणि पदाचा पहिला शब्दच येईना.

पुजारी घड्याळाकडं बघत होते. पाळण्याची दोरी हातात घेऊन उभी असलेली म्हातारी माझ्याकडं बघत होती. मागं वळून बघायचं नसतं. आणि वळून उपयोग काय होता? ज्यांना ते पद झोपेतही पाठ होतं त्यांना बोलायची बंदी होती.

मग पेटी बोलली. त्यांनी त्या ओळीची चाल वाजवली, एकदाच, सावकाश. मधे एका स्वरावर ते क्षणभर रेंगाळले. संध्याकाळी शिकवताना मी नेहमी तिथं घाई करायचे आणि ते म्हणायचे, “थांब गं, ती आई आहे, तिला घाई नाही.” तो स्वर ऐकला आणि शब्द आले. सगळे आले, एकामागून एक, हात धरून यावेत तसे.

बारा वाजता जन्म झाला. शंख, घंटा, टाळ्या, गुलालानं देऊळ लाल. त्या गजरात मी वळले. सगळा गाव ओरडत होता. मामंजी तेवढे तोंड घट्ट मिटून बसले होते. डोळ्यांतलं पाणी गालांवरच्या गुलालातून वाट काढत खाली येत होतं आणि बोटं पेटीवर तशीच होती. आरती झाल्यावर मी पाया पडले. त्यांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला आणि बोट स्वतःच्या ओठांवर ठेवून हसले.

त्या एका दिवसानं घसा काही बरा झाला नाही. वैशाखात बरं वाटलं, म्हणून एका लग्नात त्यांनी आमरसाबरोबर भजी हाणली आणि आठवडाभर घोगरे फिरले. आईंनी आठवडाभर अबोला धरला, म्हणजे घरात कुणीच बोलत नव्हतं. ज्येष्ठात डॉक्टरांनी पुन्हा नळी घालून बघितलं. सूज बरीच उतरली होती. “माझं खरं होतंय,” ते म्हणाले. “पण घाई करू नका.” पुढं पुष्कळ वर्षं मामंजींनी कीर्तनं केली. आवाज वरच्या सप्तकात पूर्वीइतका जात नसे, तिथं ते मंडळींकडून म्हणवून घेत. आणि पान मांडून बसलेल्या यजमानांना सांगत, “पुरणपोळी उद्या दुपारी. आज रात्री मला वाढायची तर उभ्यानं झोपवा!” आता माझ्या कीर्तनाला बोलावणारे मला संध्याकाळीच खिचडी करून वाढतात. त्यांना ते आमच्या घराण्याचं व्रत वाटतं. मीही खोडून काढत नाही.

पण मला सांगायची आहे ती त्याच वर्षीच्या श्रावणातली एक पहाट. मी चुलीपाशी चहाचं आधण ठेवत होते. बाहेरच्या खोलीत देवापुढं बसताना मामंजींचा पाट सरकला. मी हातातलं भांडं तसंच धरून थांबले, कारण वर्षभराच्या सवयीनं कान त्या खाकरण्याची वाट बघत होते. आई जपमाळ हातात घेऊन दारात आल्या, त्याही थांबल्या. एवढ्या दिवसांत तो आवाज घराचाच झाला होता. तो झाला की दिवस सुरू व्हायचा.

खाकरणं आलं नाही.

आधी काहीच आलं नाही. मग एकदम, कसल्याही तयारीशिवाय, षड्ज आला. स्वच्छ. फळीवरचं पितळेचं फुलपात्र किंचित किणकिणलं. आईंनी माझा दंड धरला.

भूपाळीची पहिली ओळ संपली आणि मामंजींनी हाक मारली, “कुमुद! आधण राहू दे. पेटी आण.”